सकाळचा खडखडाट वेगळा, सकाळची थरथर वेगळी

रंकाळ्याच्या बाजूला राहणाऱ्या एका गाडीमालकांचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात सांगतो. गाडी २०१७ ची, पेट्रोलची, कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली. २०२२ मध्ये सेकंडहँड घेतली, आता नव्वद हजार किलोमीटर झालेत. सकाळी पहिला सेल्फ मारला की इंजिनाच्या बेल्टकडच्या बाजूनं दोन-तीन सेकंद 'खर्रर्र' आवाज येतो आणि थांबतो. मग मिनिटभर इंजिन थरथरतं, आरपीएमचा काटा खाली-वर होतो, कधी कधी बंदही पडतं. त्यानंतर दिवसभर काही तक्रार नाही. एका मिस्त्रीनं टायमिंग चेन किट (व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाशी जुळवणारी साखळी आणि तिचे भाग) सांगितलं, दुसऱ्यानं टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग), तिसऱ्यानं थेट इंजिन उतरवायला सांगितलं. जाता जाता मामांच्या जुन्या डिझेल गाडीचंही विचारलंय: सकाळी पांढरा धूर आणि ठोके.

तिघांपैकी कोण बरोबर, असा तुमचा सवाल आहे. मला विचाराल तर तिघांनीही दोन दुखणी एकाच पोत्यात भरली. खडखडाट हा ऑईलचा मामला आहे. थरथर हा पेट्रोल, हवा आणि ठिणगीचा. दोन्ही सकाळीच होतात म्हणून दोन्हींचं मूळ एकच असं धरून चाललं, की चेन बदलूनही गाडी थरथरतच राहते आणि मग मालक म्हणतो मिस्त्रीनं फसवलं.

आधी 'थंडी' या शब्दाचा हिशोब लावू. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा चौदा-पंधरा अंशांच्या आसपास असतो, एखाद्या वर्षी त्याहून थोडा खाली. धडधाकट पेट्रोल इंजिनाला ही थंडी म्हणजे काहीच नाही. आपल्याकडं सकाळी जो त्रास होतो तो हवेच्या गारठ्यापेक्षा गाडी रात्रभर उभी राहिल्यामुळं होतो. सात-आठ तासांत वरचं ऑईल खाली चेंबरात, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यात उतरतं, पेट्रोल लाईनमधलं प्रेशर सुटतं, कुठं बारीक गळती असेल तर तिला रात्रभर वेळ मिळतो. हाच आवाज मे महिन्यातही सकाळी येत असेल, तर हिवाळ्याला दोष देऊन उपयोग नाही. तुमच्या प्रश्नात महिना सांगितलेला नाही, तो आठवून बघा.

आणि तीन मिस्त्रींची तीन मतं का? कारण तिघांनीही आजारी गाडी बघितलीच नाही. तुम्ही घरातून गाडी चालवत उद्यमनगरात आणता, तोवर इंजिन तापलेलं असतं, आवाज गेलेला असतो. मग मिस्त्री तुमच्या तोंडच्या वर्णनावरून अंदाज बांधतो. म्हणून माझ्याकडं अशी तक्रार आली की मी सांगतो, गाडी संध्याकाळी आणून सोडा, किल्ली द्या आणि रिक्षानं घरी जावा. सकाळी दुसऱ्या कुणी सुरू करायच्या आत आपण सुरू करायची.

गाडी ठेवणं जमत नसेल तर घरीच दोन सकाळी मोबाईलवर शूटिंग करा. पहिल्या दिवशी मोबाईल डॅशबोर्डवर धरा: ऑईलचा लाल दिवा किती सेकंदांनी विझतो, आरपीएम किती वर जातो, चेक इंजिनचा दिवा लागतो का. दुसऱ्या दिवशी बोनेट उघडून मोबाईल इंजिनाच्या त्या बाजूला धरायचा आणि सेल्फ दुसऱ्यानं मारायचा. रेस अजिबात करायची नाही. सकाळी सुरू करताच रेस करायची सवय पुष्कळांना आहे. ऑईल वर पोचायच्या आत इंजिनाला पळवायचं, म्हणजे बेअरिंग कोरडंच घासायचं.

आता खडखडाट. इंजिन सुरू झालं की ऑईलचं प्रेशर साधारण एक-दोन सेकंदांत तयार होतं. टायमिंग चेनला ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक इंजिनांत ऑईलच्या प्रेशरवरच चालतो. रात्री त्याच्यातलं ऑईल उतरलं की सकाळी चेन क्षणभर सैल राहते आणि गाईडवर, म्हणजे तिला वाट देणाऱ्या पट्टीवर, आपटते. तुमचा 'खर्रर्र' तोच असण्याची शक्यता मोठी आहे. पण चेन आपटली म्हणजे चेन संपली असं नाही. टेन्शनरपर्यंत ऑईल उशिरा पोचतंय, एवढंच त्यातून कळतं. उशीर का होतोय ते शोधायचं, आणि त्याची स्वस्त कारणं आधी.

पहिलं कारण ऑईल फिल्टर. फिल्टरच्या आत रबराची एक चकती असते, तिचं काम ऑईल उलटं वाहू न देणं. इंजिन बंद झालं की ही चकती तोंड बंद करते, त्यामुळं फिल्टर आणि वरच्या वाटा भरलेल्या राहतात. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असेल तर सगळी मदार या चकतीवरच असते. हलक्या फिल्टरमध्ये ते रबर लवकर कडक होतं, तोंड नीट बंद होत नाही आणि रात्रीत फिल्टर रिकामा होतो. सकाळी पंपानं आधी फिल्टर भरायचा आणि मग वर ऑईल चढवायचं, तेवढ्यात दोन-तीन सेकंद गेले. कंपनीचा फिल्टर आणि रस्त्यावर मिळणारा फिल्टर बाहेरून सारखाच दिसतो, फरक आतल्या त्या चकतीत असतो.

दुसरं कारण ऑईल कुठलं आहे. आपल्याकडं एक समज घट्ट बसलाय की जुन्या इंजिनाला जाड ऑईल घालावं, आवाज कमी होतो. तापल्यावर आवाज थोडा दबतो हे खरं. पण सकाळी तेच जाड ऑईल वर चढायला वेळ लावतं. ज्या इंजिनाला मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलंय, त्यात कुणी २०डब्ल्यू-५० ओतलं असेल तर सकाळच्या खडखडाटाचं उत्तर तिथंच मिळालं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑईल गारठ्यात पातळ राहतं आणि लवकर पोचतं. तुम्ही गाडी सेकंडहँड घेतलीय, म्हणून हे जास्तच बघा. विकताना इंजिनाची खरखर झाकायला जाड ऑईल घालून द्यायचं, ही जुनी युक्ती आहे.

तेव्हा पहिलं काम हे: मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑईल, कंपनीचा फिल्टर, आणि डिपस्टिकवर लेव्हल दोन खुणांच्या मधे. लेव्हल कमी असेल तर ऑईल कुठं जातंय हा वेगळा प्रश्न उभा राहतो. सकाळी सुरू करताच सायलेन्सरमधून निळसर धुराचा एकच झोत येऊन बंद होत असेल, तर व्हॉल्व्हची सीलं कडक झालीत आणि रात्रीत ऑईल थेंबाथेंबानं खाली उतरतंय. त्यासाठीही इंजिन उतरवायची गरज नसते.

ऑईल-फिल्टर बदलून आठवडाभर वापरा आणि परत तसंच शूटिंग करा. आवाज अर्ध्या-एक सेकंदावर आला तर विषय संपला. तसाच राहिला, किंवा पाच-सहा सेकंदांपर्यंत वाढला, तर मग टेन्शनर आणि चेनकडं बघायचं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टायमिंग कव्हरवर टेकवायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची, आणि दुसऱ्यानं सेल्फ मारायचा. फिरणाऱ्या बेल्टपासून कपडे, हात लांब ठेवून. कव्हरच्या मधोमध आवाज सगळ्यात मोठा आला तर तो चेन-गाईडचा. वर कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, टोकाशी मोठा आला आणि इंजिनाला व्हॉल्व्हचं टायमिंग मागं-पुढं करणारी यंत्रणा असेल, तर त्या गिअरमधली लॉक पिन झिजलेली असू शकते. हे दोन आवाज मोबाईलवर ऐकून वेगळे करता येत नाहीत, प्रत्यक्ष कान लावावा लागतो. चेन खरंच लांबली असेल तर स्कॅनरवर, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर वाचणाऱ्या यंत्रावर, पुष्कळदा पी००१६ कोड सापडतो. क्रँक (पिस्टननं फिरणारा दांडा) आणि कॅम यांचा मेळ बसत नाही, असा त्याचा अर्थ. हा कोड आणि सकाळचा लांबलेला खडखडाट दोन्ही असतील तर चेन किट सांगणारा मिस्त्री बरोबर. मग चेन, गाईड, टेन्शनर सगळं एकदम बदला. नुसता टेन्शनर टाकून पैसे वाचवायला जाऊ नका, कारण पुढं चेनसाठी कव्हर परत उघडावंच लागतं आणि मजुरी दोनदा जाते.

बाकीचे आवाज तुमच्या वर्णनाशी जुळत नाहीत, तरी ओळख असू द्या. टक-टक असा आवाज थंड असताना येतो आणि चार-पाच मिनिटांत हळूहळू मिटतो, तेव्हा बहुतेक पिस्टनच्या ढिलेपणाचा असतो. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन तापला की फुगतो आणि जागा भरून निघते. ऑईल खात नसेल, पिकअप नीट असेल, तर अशी गाडी वर्षानुवर्षं चालते. लोक उगाच इंजिन काढतात. अगदी टॅपेटसारखाच वाटणारा दुसरा एक आवाज असतो, एक्झॉस्ट मेनिफोल्डच्या पॅकिंगमधून गॅस निसटण्याचा. तोही तापल्यावर जातो, कारण धातू फुगून फट बुजते. टॅपेट सेट करूनही टिकटिक जात नसेल तर मेनिफोल्डच्या जोडापाशी टॉर्च मारून बघा, काजळीची काळी रेघ दिसेल. बेल्टचा चीत्कार असेल तर त्याच्या आतल्या खाचांवर थोडं पाणी शिंपडायचं. आवाज क्षणभर गेला तर पुली सरळ रेषेत नाहीत, वाढला तर बेल्ट सैल आहे.

एकच आवाज असा आहे ज्यात थांबून विचार करायला वेळ नसतो. खालून, चेंबराकडून येणारा जड ठोका, जो तापल्यावर कमी व्हायच्या ऐवजी वाढतो आणि रेस केली की जोरात येतो. ते बिगएंड बेअरिंग, पिस्टनच्या दांड्याच्या खालच्या टोकाचं. त्यातच ऑईलचा दिवा मिणमिणत असेल तर गाडी तिथंच बंद करून टो करून आणा. असं इंजिन खरोखर उतरवावं लागतं. तुमचा आवाज तीन सेकंदांत थांबतो आणि दिवसभर येत नाही, म्हणजे तिसऱ्या मिस्त्रीच्या सल्ल्याला निदान आवाजाचा तरी आधार नाही.

आता थरथर, आणि इथं तुमच्या गाडीचं सीएनजी असणं महत्त्वाचं. तुम्ही लिहिलंय 'गरम झाली की नीट चालते'. पण गरम होताना तुमच्या गाडीत आणखी एक बदल होतो, जो तुमच्या लक्षात आलेला नसावा. कंपनी फिटेड सीएनजी गाड्या सहसा पेट्रोलवर सुरू होतात आणि कूलंट ठरावीक तापलं की आपोआप सीएनजीवर जातात. म्हणजे मिनिटभर थरथरणारी गाडी ही पेट्रोलवर चालणारी गाडी आहे, आणि दिवसभर नीट चालणारी गाडी ही सीएनजीवरची. त्रास थंडीचा आहे की पेट्रोलचा, हे अजून ठरलेलंच नाही.

ठरवायची युक्ती सोपी. कावळा नाक्यापासून शिरोलीपर्यंत एक चक्कर मारून इंजिन नीट तापवा. मग डॅशवरच्या बटनानं सीएनजी बंद करून पेट्रोलवर घ्या आणि दहा मिनिटं तशीच चालवा, सिग्नलला उभी करून बघा. तापलेल्या इंजिनावरही पेट्रोलवर मिसिंग आली, म्हणजे एखादा सिलिंडर पेट चुकवायला लागला, तर दोष पेट्रोलच्या वाटेत आहे. पेट्रोलवर तापलेली गाडी एकदम नीट चालली, तर दोष खरोखर 'गार असण्याचा' आहे आणि मग सेन्सर, कॉईल, कूलंट या वाटेनं जायचं. ही चाचणी फुकटची आहे आणि निम्मा शोध त्यातच संपतो.

माझा संशय पहिल्या बाजूला जास्त आहे. सीएनजीवाले मालक पेट्रोल दोनशे-तीनशेचं टाकतात आणि विसरून जातात. रोज सकाळी तेवढं मिनिटभर वापरलं जातं, बाकी महिनोन्‌महिने टाकीत पडून राहतं. पेट्रोल शिळं होतं, त्यातले उडून जाणारे हलके घटक आधी जातात, आणि सकाळी पेट पकडायला नेमके तेच लागतात. इंजेक्टरच्या टोकाला चिकट थर बसतो, फवारा पडायच्या जागी धार पडते. शिवाय टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडलेला असतो, तेच त्याला थंड ठेवतं. टाकी सतत तळाला ठेवली तर पंप लवकर जातो. उपाय: जुनं पेट्रोल संपवा, निम्मी टाकी ताजं भरा, आणि एक-दोन टाक्या निव्वळ पेट्रोलवर चालवा. पुढं आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर पेट्रोलवर जाऊ द्या, पन्हाळ्याला जाऊन आलात तरी काम झालं. एवढ्यानं फरक पडला नाही तर इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिकवर साफ करायचे आणि चारही इंजेक्टरचा फवारा शेजारी शेजारी बघायचा.

पंपाचं प्रेशर रात्रीत उतरतंय का, तेही घरीच कळतं. सकाळी किल्ली नुसती 'ऑन' करा, दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा. परत ऑन, परत बंद. तिसऱ्यांदा सेल्फ मारा. एरवी लांब सेल्फ मारावा लागणारी गाडी अशा वेळी चटकन सुरू झाली, तर पंपातला उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह गळतोय किंवा एखादा इंजेक्टर ठिबकतोय. इंजेक्टर ठिबकत असेल तर सुरू होताना पेट्रोलचा वास येतो, पंपाचा व्हॉल्व्ह असेल तर येत नाही.

ई२० चं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, लोक हल्ली हमखास विचारतात. आपला जिल्हा उसाचा, इथल्या कारखान्यांतून इथेनॉल निघतं, तेव्हा याबद्दल मत नसलेला माणूस कोल्हापुरात सापडायचा नाही. इथेनॉलला वाफ व्हायला साध्या पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, त्यामुळं गार इंजिनात ते जरा आळशी असतं, हे खरं. पण चौदा-पंधरा अंशांना वीस टक्के इथेनॉलनं चांगली गाडी अशी थरथरत नाही. जी गाडी आधीच काठावर आहे, प्लग झिजलेत, इंजेक्टर चोंदलेत, तिला ते काठावरून ढकलतं. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणूनही टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नये.

तापल्यावर पेट्रोलवर नीट चालली, तर पुढचा शोध स्कॅनर लावून सकाळीच करायचा, आणि तोही सेल्फ मारायच्या आधी. किल्ली ऑन करून दोनच आकडे वाचायचे: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे हवेत, दोन-तीन अंशांचा फरक चालतो. हवा १६ आणि कूलंट १७ दिसलं तर सेन्सर बरोबर. हवा १६ आणि कूलंट ४५ दिसलं, तर कूलंटचा सेन्सर खोटं बोलतोय. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन तापलेलं आहे, ते पेट्रोल कमी सोडतं आणि गार इंजिन उपाशी थरथरतं. तापल्यावर खोटं आणि खरं एकाच ठिकाणी येतं, म्हणून दिवसभर काही जाणवत नाही. हा सेन्सर गार असताना साधारण दोन-तीन हजार ओहम दाखवतो आणि इंजिन पूर्ण तापलं की दोन-तीनशेवर येतो, तेव्हा साध्या मल्टिमीटरनंही पडताळता येतं. सेन्सर फार महाग नसतो, पण तो न तपासता लोक इंजेक्टर, कॉईल, ऑक्सिजन सेन्सर बदलत बसतात. ऑक्सिजन सेन्सरचा तर पहिल्या अर्ध्या मिनिटाशी संबंधच नसतो. तो स्वतः तीनशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय काम करत नाही, तोवर ईसीयू त्याचं ऐकतच नाही.

प्लग आणि कॉईलबद्दल एकच सांगतो. सीएनजीला पेटवायला ठिणगी जोरकस लागते, त्यामुळं सीएनजीवर प्लग लवकर झिजतात. पण प्लगचा दोष असेल तर सहसा सीएनजीवर, चढाला, लोड आल्यावर आधी कळतो. तुमची गाडी दिवसभर सीएनजीवर तक्रार करत नाही, म्हणून प्लग माझ्या यादीत खाली आहेत. तरी काढून बघाच, कारण प्लग वाचता आला तर सिलिंडरच्या आतलं कळतं.

गगनबावड्याकडच्या एका गिऱ्हाईकाची गाडी आठवते. सकाळी तीन सिलिंडरवर सुरू व्हायची, अर्ध्या मिनिटात चौथा पकडायचा, मग दिवसभर ओके. प्लग, कॉईल सगळं दुसरीकडं बदलून झालेलं. चारही प्लग काढून फडक्यावर ओळीनं ठेवले. तीन तांबूस-करडे, आणि चौथा स्वच्छ, नवीन पांढरा. तो स्वच्छ होता हीच त्याची चूक. त्या सिलिंडरमध्ये पाणी येत होतं आणि वाफ प्लग धूत होती. संध्याकाळी रेडिएटरला प्रेशर पंप लावून एक बारपर्यंत दाब दिला, रात्रभर तसाच ठेवला. सकाळी प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडला तर पिस्टनच्या डोक्यावर हिरव्या कूलंटचं लहानसं थारोळं. हेड पॅकिंग, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलेलं. तुमच्या गाडीत कूलंटची बाटली दर महिन्याला थोडी उतरत असेल, सकाळी पांढऱ्या धुराला गोडसर वास येत असेल, तर हीच वाट धरा. आणि मग उशीर करू नका, पाणी ऑईलमध्ये गेलं की खर्च वेगळ्याच पायरीवर जातो.

दुसऱ्या मिस्त्रीनं टॅपेट सांगितलं त्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण तो वाटतो तेवढा चुकलेला नाही, फक्त त्याचं कारण वेगळं आहे. टॅपेट सैल झाले की वाजतात, हे सगळ्यांना माहीत आहे. सीएनजीवर मात्र उलटं घडतं. सुक्या गॅसवर व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. आवाज वाढत नाही, इंजिन उलट शांत होतं, मालक खूश. शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो, काँप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरतं आणि गार इंजिन मिसिंग मारायला लागतं. तुमच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट नसतील, तर मॅन्युअलमध्ये बघून फट मोजून घ्या. आकडे मिलिमीटरच्या दशांशात असतात, फिलर गेजनं थंड इंजिनावर मोजायचे. त्याच वेळी काँप्रेशनही बघा. चार सिलिंडरमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत हवा. एखादा कमी निघाला तर त्यात चमचाभर इंजिन ऑईल सोडून परत मोजा. वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

एक गोष्ट तुमच्या खरेदीच्या तारखेवरून मनात आली. २०२२ ची सेकंडहँड गाडी, म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, पंचगंगेचा पूर येऊन गेला होता. २०१९ च्या ऑगस्टमध्येही आला होता. दोन्ही वेळा शहरातल्या पुष्कळ गाड्या पाण्यात राहिल्या, धुऊन-पुसून विकल्या गेल्या. तुमची तशी असेलच असं नाही. पण सीटच्या रुळाखाली गंज, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर तळाशी मातीची रेघ, आणि इंजिनाच्या सॉकेटांमध्ये हिरवट बुरशी दिसली तर सावध व्हा. असल्या सॉकेटांमध्ये सकाळच्या ओलीत कनेक्शन लटपटतं आणि ऊन चढलं की ठीक होतं. मग कुठलाही सेन्सर बदला, गुण येत नाही. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी सोडवून, घासून परत आवळणं हे अशा गाडीतलं पहिलं काम.

बॅटरीही मोजून घ्या. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर ईसीयूच गडबडतं आणि सुरुवात अडखळत होते.

आणि जे दुखणं नाही त्याला दुखणं समजू नका. गार इंजिन बाराशे-चौदाशे आरपीएमवर सुरू होऊन मिनिट-दोन मिनिटांत साडेसातशे-आठशेवर येणं हे ठरवून केलेलं असतं. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून ईसीयू त्या वेळी ठिणगी मुद्दाम उशिरा देतं, त्यामुळं आवाजही जरा भरड येतो. काटा वर राहून हळूहळू उतरला तर नीट. तो नाचत असेल, तर वर सांगितलेली चौकशी करायची, आणि सोबत थ्रॉटल बॉडीची काजळी साफ करून घ्यायची.

मामांच्या डिझेलचं. पांढरा धूर आणि त्याला कच्च्या डिझेलचा झोंबणारा वास, मिनिटभरानं दोन्ही गायब, म्हणजे हीटर प्लग, सुरू होताना आतली हवा तापवणारे. जुन्या इंडिकासारख्या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं, तिथं हीटर प्लगशिवाय सकाळ होत नाही. हल्लीची कॉमन रेल इंजिनं आपल्या थंडीत त्यांच्याविनाही बऱ्याचदा सुरू होतात. चारही प्लगच्या तारा सोडवा आणि एकेकाचा रोध मोजा. चांगला प्लग अर्धा ते दोन ओहमच्या आसपास दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. चारही चांगले निघाले तर त्यांच्यापर्यंत करंट येतोय का ते रिलेपाशी बघा. ठोक्यांची काळजी मामांनी करू नये, गार डिझेलमध्ये पेट उशिरा घेतला जातो आणि मग एकदम भडकतो, तो ठोका तापल्यावर आपोआप मऊ होतो. मात्र सेल्फ फार वेळ मारावा लागत असेल तर फिल्टरखालचं पाणी आधी सोडा आणि टाकीकडून येणाऱ्या पाइपाला मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बघा. सकाळी त्यात बुडबुडे दिसले तर लाईन हवा ओढतेय. बहुतेक वेळा एखादी क्लिप आणि वीतभर पाइप बदलला की तेवढ्यात भागतं, पंप खोलायला कुणाला देऊ नका.